पाल विषारी नसते, पण उचलणार कोण?

"मॅडम, वरणात पाल निघाली. पोरी उलट्या करून राहिल्यात. लवकर या!"

फोन भोकरजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहातून होता. मी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. सलाईन, ओआरएस आणि सिस्टर असं सगळं अॅम्ब्युलन्समध्ये घालून निघाले.

वसतिगृहाच्या प्रमुखाला सरकारी भाषेत 'गृहपाल' म्हणतात. त्या दिवशी तो शब्द ऐकूनही कसंसं होत होतं. गृहपाल बाई दारातच रडत होत्या. आत मुली भिंतीला टेकून बसलेल्या, काही बादलीवर वाकलेल्या. खिडकीशी गावकऱ्यांची गर्दी.

"पयलं त्या बाईला काढा! लेकरांना इष घातलं," एका मुलीचे वडील ओरडत होते.

'ती बाई' म्हणजे स्वयंपाकीण कौसाबाई. शेगडीमागे अंग चोरून उभी होती. "पळी घालायला झाकण काढलं, मॅडम. वरून पडली असंल. म्या काय करू?"

मी एकेकीची नाडी पाहिली, बीपी घेतलं. सगळं ठीक. सगळ्यात जोरात ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीला विचारलं, "तू किती खाल्लंस गं?"

"मी जेवलेच न्हाई. माझी आज चतुर्थी हाय."

मग उलगडा झाला. पाल दिसेपर्यंत कुणालाच काही होत नव्हतं. एकीनं किंचाळून उलटी केली, ती बघून दुसरीनं केली. भीती अशी पसरते आणि तिच्यातली उलटी खरीच असते. मी सगळ्यांना समजावलं, "आपल्या घरातली पाल विषारी नसते. सरडाही नसतो, सापसुरळीही नसते. पालीच्या अंगावर जंतू असतात, म्हणून हे वरण फेकायचं. पण जंतूंचा त्रास व्हायला काही तास लागतात, असा लगेच होत नाही."

मघाशी ओरडणाऱ्या वडिलांना पटलं नाही. "इषारी न्हाई म्हणता, तर धरून दाखवा की!" त्यांनी वर बोट केलं. ट्यूबलाइटमागे आणखी एक पाल होती.

सिस्टर माझ्याकडे अभिमानानं बघत होती. तिला बिचारीला काय माहीत! मी मृतदेहांचं विच्छेदन केलंय, रात्री-अपरात्री बाळंतपणं केलीत. पण लातूरच्या आमच्या घरात पाल दिसली की मी आजही अंगणात जाऊन उभी राहते.

मी ग्लोव्हज चढवले.

"इषारी न्हाई ना? मग हे कशाला?"

ग्लोव्हज काढले. स्टुलावर चढले, डोळे मिटले आणि हात मारला. पाल सुटली. शेपूट माझ्या बोटांत राहिलं आणि वळवळू लागलं. जीव वाचवायला पाल शेपूट टाकते, ते परत उगवतं, हे मी शिकलेली आहे. त्या क्षणी शिक्षण कामी आलं नाही. "आई गं!" म्हणून मी जी उडी मारली, ती थेट गृहपाल बाईंच्या गळ्यात.

मग चतुर्थीवाली फिसकन हसली. शेजारची हसली. बघता बघता सगळी खोली हसायला लागली. बादल्या कुणाला आठवल्याच नाहीत.

उरलेला आवाज गोळा करून मी म्हटलं, "पाहिलंत? काही झालं का मला?"

"इषानं न्हाई झालं," वडील हसू दाबत म्हणाले. "पण पयली सलाईन तुम्हालाच लावा."

साबणानं हात धुतले. पाल हाताळली तर हे करायचंच. वरण खाल्लेल्या मुलींना दुसऱ्या दिवसापर्यंत नजरेखाली ठेवलं. कुणालाच काही झालं नाही. कौसाबाईचं काम टिकलं, फक्त शेगडीवरच्या पत्र्याखाली जाळी बसवायला लावली.

आता ओपीडीत कुणी विचारलं, तर मी ठामपणे सांगते, पाल विषारी नसते. आणि ते खुर्चीत बसूनच सांगते. डेमो देत नाही.