मोडासाठी बांधलेला बीम

आमच्या मोनालीच्या बाबाले अख्खं उमरखेड डोमाजी मिस्त्री म्हनते. मानूस लाखात एक, पन सांगितलेलं आयकन त शप्पथ!

पोरगी यवतमाळले इंजिनेरिंगचं मोठं शिक्षन करून राह्यली. तिच्या अभ्यासातलं काँक्रीट लय नवलाचं. सळईनं कोचा लागत नाई, वायब्रेटर लागत नाई. ओतलं का आपल्या मनानं सांदीकोपऱ्यात जाऊन बसते. पन त्यात गिट्टी कमी. म्हनून टोकाकडं तिरपी भेग पडाले लागली त असा बीम किती दम धरते, हे तिले पाहाचं होतं. "बाबा, सळई तुमीच बांधा," ते म्हने. "पन भेग अडवनाऱ्या रिंगा सळईले दूरदूर टाका. बीम तिरपाच मोडला पाह्यजे."

"मोडासाठी बांधू?" यायचं तोंडच उतरलं.

"पोरगी सांगते तसं करा ना गुमान!" मी म्हनलं. हव म्हने, अन् परसात बसून सांगाडा बांधून देल्ला.

कालेजातल्या भार द्याच्या मशीनवर बीम ठेवला तवा आमी दोघंबी गेलतो. भार वाढत गेला. बीम मोडला, पन मधातून, वाकून. टोकाले तिरपी भेग नाईच. पोरीनं टोक फोडून पाह्यलं, त आत रिंगाच रिंगा! तेबी सांगाड्यात न पाह्यताच काँक्रीट ओतून बसली होती, बापानं बांधला म्हनून.

"काहून केलं बाबा असं? प्रोजेक्ट द्याची तारीख तोंडावर आली माही!" पोरगी रडाले लागली.

"तू त्याच्या बाजूले उभी राह्यतं ना," बाबा खाली पाहून म्हने. "हात आयकलाच नाई माहा."

मले असा राग आल्ता का काय सांगू! अन् त्याच रागात मीबी रडली.

मंग यवतमाळलेच राहून यायनं दुसरा सांगाडा बांधला, पोरीच्या डोयासमोर. एकएक रिंग दूर टाकत. पोरीनं तारीख वाढवून घेतली, अन् काँक्रीट पिकाले महिना गेला.

या खेपी भार चढला तसं यायनं पोरीचं मनगट धरून तिले मांगं वढलं. कडाड वाजलं. टोकाकडून तिरपी भेग सरसर वर गेली.

"जमलं बाबा!" पोरगी त्याईच्या गयातच पडली.

हे मात्र त्या भेगीवरून हात फिरवत उभे. डोये भरलेले. "मोने, आता हे लोकाच्या घरात त नाई ना मोडनार?"

"त्याच्याचसाठी त इथं मोडला, बाबा."