तिसऱ्यांदा लागलेला दिवा

आधी ताईंचं सांगतो, मग माझं. लातुरात औसा रोडवर आमच्या गॅरेजसमोर स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथल्या काउंटरवरच्या ताई रोज चाकूरहून बसनं येतात. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेल्या आहेत. त्या नसत्या तर मी आज इथं नसतो, किनवटकडं गावी परत गेलो असतो, आणि घरच्यांना काय सांगितलं असतं ते मला अजून सुचत नाही.

सातवीतच माझी शाळा सुटली. पस्तिशी आली तरी इंग्रजी अक्षरं मी जोडून जोडून वाचतो, तीही ओळखीचीच. गॅरेजात हे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी वर्षभरानं पहिल्यांदा एक अख्खं इंजिन माझ्या एकट्याच्या हाती दिलं. लातूर-नांदेड प्रवासी नेणारी डिझेल गाडी. सेल्फ मारला की बराच वेळ घरघरायची, चढाला दम नाही, समोर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला. स्कॅनर लावला तर इंग्रजीत एक ओळ आली. त्यातले क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट एवढे दोन शब्द ओळखू आले, कारण ते सेन्सरच्या खोक्यावर रोज बघतो. पुढचा लांबलचक शब्द मी सोडून दिला.

कॅमचा सेन्सर बदलला. खालचा क्रँक आणि वरचा कॅम हे दोन शाफ्ट मेळात फिरवणारा टायमिंगचा पट्टा जुना, सैल झाला होता, तोही बदलला. आमच्याकडची रीत अशी, की पट्टा काढायच्या आधी तो आणि वरखालची दातेरी चाकं यांवर व्हाइटनरचे ठिपके द्यायचे आणि नवा पट्टा त्याच ठिपक्यांवर बसवायचा. तसाच बसवला. स्कॅनरवरून दिवा घालवला, गाडी दिली. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग क्रँकचा सेन्सर बदलला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा उस्ताद गाडीवाल्यासमोरच म्हणाले, "ए किनवट, संध्याकाळपर्यंत हे नीट झालं न्हाई तर थैली भर. सकाळी नांदेडची बस असती."

टायमिंग जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, इंजिन संपतं, एवढं मला माहीत होतं. ते माझ्याच हातून होणार असं वाटू लागलं. मी दुकानात गेलो आणि आणखी एक कॅमचा सेन्सर मागितला.

"परत?" ताई म्हणाल्या. "आठवड्यात दोन नेलाव भाऊ. लोणचं घालायलाव का?"

"पहिलाच खराब निघाला वाटतं, ताई."

"स्कॅनरवर काय आलंय?"

"सेन्सर खराब म्हणून आलंय."

"असंच लिहिलंय?"

मी मोबाइलवरचा फोटो पुढं केला. त्यांनी ओळ वाचली, मग माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतंय का हे?"

"न्हाई," मी म्हणालो.

"सेन्सर खराब हाय असं ह्यात कुठंच न्हाई. दोन शाफ्टचा एकमेकाशी मेळ बसंना, असं म्हणायलंय ते. सेन्सर बिचारे खरं सांगायलेत. पट्टा कसा बसवला?"

"ठिपके देऊन. जसा होता तसाच. एक दात इकडं-तिकडं न्हाई."

"आन् होता तोच चुकलेला असंल तर?"

सैल पट्टा आधीच एक दात सरकलेला असेल, तर मी ती चूक जपून, ठिपके देऊन जशीच्या तशी नव्या पट्ट्यात बसवली होती.

उस्ताद जेवायला घरी गेले होते. ताई डबा अर्धा ठेवून रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या फोनमध्ये कंपनीच्या पुस्तकातलं चित्र होतं. "सेल्फ मारू नका, हातानं फिरवा," म्हणाल्या. मी पाना लावून इंजिन फिरवू लागलो. जरा जड लागलं की वाटायचं, आता आतून खट् वाजणार. क्रँकची खूण जागेवर आली. वरच्या चाकावरची ग्रीस पुसली, तर खाली कंपनीची खूण. चित्रात होती त्या जागेपासून एक दात मागं. माझा पांढरा ठिपका तिच्या शेजारीच होता.

"आता उस्तादांना सांगा."

"तुम्हीच सांगा की, ताई."

"मी सांगून काय उपयोग? वाचता येत न्हाई, तेबी सांगा. न्हाईतर पुढच्या गाडीला हेच करचाल."

उस्ताद आले. मी सगळं सांगितलं, वाचता येत नाही तेही. त्यांनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. "हे ठिपके द्यायचं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, उस्ताद."

ते वाकून कंपनीची खूण बघत राहिले. मी थैलीत काय-काय भरायचं ते मनात मोजत होतो.

"पट्टा काढ," शेवटी म्हणाले. "ह्यापुढं आधी कंपनीची खूण, मग तुझा ठिपका. आन् इंग्रजी काही आलं की मला न्हाईतर त्या पोरीला विचार."

पट्टा नीट बसवून, खुणा जुळतात का ते बघायला इंजिन दोन फेरे हातानं फिरवायचं होतं. शेवटचा फेरा ताईंनी मागून घेतला. पाना धरलेल्या त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला कळलं की त्यांना काउंटरवर बसायचंच नाही. मग मी सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली, तरी तासभर मी दिव्याकडंच बघून राहिलो होतो. ती नांदेडला जाऊन आली. दिवा लागला नाही.

ताईंनी तीन गॅरेजांत कामासाठी विचारून बघितलंय. बाईच्या हाती गिऱ्हाईक गाडी देत नाही, असं सगळीकडं ऐकलं. माझं स्वतःचं गॅरेज कधी होईल सांगता येत नाही, त्याचीही भीतीच वाटते. पण ताई, झालं तर तिथलं पहिलं इंजिन तुमच्या हाती देईन, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी बघेन.