प्रिय पाहुण्यांनो

वॉटरपार्कच्या दारावर पाटी होती : ‘प्रिय पाहुण्यांनो, बाहेरचे पाणी आत नेऊ नये.’ मागच्या वर्षी आत थंड पाण्याचा फुकट नळ होता, रबरी ट्यूबही तिकिटातच मिळायची. आता ट्यूबचे वेगळे, रांग चुकवायचे वेगळे, पाण्याचेही वेगळे. पाहुणा म्हणायचं आणि एकेक घोट विकायचा, ही कुठली रीत? मी चडफडत होतो, तेवढ्यात रखवालदाराने माझ्यासोबत आलेल्या आत्याला तिची पाण्याची बाटली ओतून टाकायला सांगितली.

“अरे, पाहुण्याला आधी पाणी विचारतात,” आत्या म्हणाली.

“मावशी, मलापण इथं विकतच घ्यावं लागतं.”

आत्याने बाटली त्याच्यापुढे धरली. इकडेतिकडे बघत तो उभ्या उभ्या घटाघटा प्यायला.

दिवसभर मी भिजत राहिलो, पण मन थाऱ्यावर नव्हतं. पाहुण्याला दारातच उभं ठेवून आत आल्यासारखं वाटत होतं.