वगळायच्या शब्दांची यादी

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना फ्लॉपी कशी धरायची ते शिकवत होतो. फोनवर त्याचा मेहुणा होता. "दाजी गेले, सर... इंदापूरच्या स्टँडवर, बसल्या जागी." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय, कपाळ! दीड महिना झाला, तरी तो शब्द टोचतोय. पण माझा याहून वाईट एक शब्द आहे, आणि तो सांगायचा म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आम्ही वालचंदनगरच्या शाळेत एका बाकावर बसलो. तो निमगाव केतकीचा. क्लास काढल्यापासून मला चेष्टेनं 'सर' म्हणायचा, आणि पुढं ते तसंच राहिलं. इंदापूरच्या एका साप्ताहिकात तो बातम्या लिही, प्रुफं तपासी, जागा उरली तर सुविचारही टाकी. कार्यालयाच्या कपाटात जुन्या अंकांच्या बांधीव फायली होत्या. आमच्या वडिलांचा सत्कार छापला होता तो काढून द्या, असं कुणी म्हणालं की भानुदास स्टुलावर चढायचा आणि शिंकत खाली उतरायचा. मालकांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी त्याला एक प्रोग्रॅम करून दिला. भानुदासनं जुन्या बातम्या टाइप करायच्या, प्रोग्रॅमनं त्यातला शब्दन् शब्द सुटा करून, प्रत्यय गाळून, तो कुठल्या अंकात, कुठल्या पानावर आलाय याची यादी ठेवायची. मग दोन-तीन शब्द दिले की ते सगळे जिथं एकत्र आलेत तेवढीच पानं समोर. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी नवरदेवासारखा मिरवत होतो. भानुदासनं पडद्यावरच्या ओळी बोटानं मोजल्या.

"आमचा आबा मेंढरं मोजत नव्हता," तो म्हणाला. "नुसती नजर टाकायचा आन् म्हणायचा, तुटक्या कानाची न्हाय आली. तुमच्या यंत्राला न्हाय आल्याली कळती का, सर?"

"आलेली कळते तेवढं बास झालं," मी म्हणालो.

तीन वर्षं तो टाइप करत होता. मग डिस्क भरली. त्या काळी जागा केवढीशी असायची, आणि शब्दांची ती यादी बातम्यांपेक्षाही जास्त फुगली होती. यावर उपाय सगळे करतात तोच: जे शब्द पानोपानी येतात ते यादीतून वगळायचे. आहे, आणि, तालुका, कारखाना, ऊस... भानुदासनं एका कागदावर ते लिहून काढले. मी तो घेतला आणि तळाशी माझ्या पेनानं आणखी एक शब्द लिहिला. विहीर.

"ह्यो बी?" तो म्हणाला.

"मग काय! विहीर खोदली, विहिरीला पाणी लागलं, विहिरीत कोणी पडलं. अर्धा पेपर विहिरींनीच भरलाय. ज्या शब्दावर अर्धा पेपर वर येतो, तो शोधून कुणाला काय मिळणार?" क्लासमध्ये फेकायचं वाक्य मी त्याच्या तोंडावर फेकलं. त्यानं विहीरही वगळली. डिस्कमध्ये भरपूर जागा झाली.

नरसिंहपूरचे गणपततात्या आले त्या दिवशी मी प्रिंटर बघायला म्हणून तिथंच होतो. त्यांच्या कुसुमला स्थळ आलं होतं. "घर बागायतदार हाय," तात्या म्हणाले. "पन पोराची पहिली बायकू विहिरीत गेली म्हनत्यात. ती मान्सं म्हनत्यात तापानं गेली. तुमच्या पेपरात काय आलंवतं का बघा." भानुदासनं गाव टाइप केलं, आडनाव टाइप केलं, आणि विहीर. क्षणात उत्तर आलं: नोंद सापडली नाही. भानुदास तरीही उठला आणि स्टूल ओढायला लागला. तेव्हा मीच म्हणालो, "अरे, यंत्र नाही म्हणतंय, तर धूळ कशाला खातोस?" तो बसला. तात्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले. लग्नानंतर त्यांनी पेढेही पाठवले होते. मी दोन खाल्ले.

दीड वर्षानं कुसुमची बातमी आली. पाय घसरून विहिरीत पडून विवाहितेचा मृत्यू. चार ओळी. भानुदासनं त्या स्वतः टाइप केल्या आणि मग स्टुलावर चढला. सहा वर्षांपूर्वीचा अंक त्याला दुपारपर्यंत सापडला. तेच गाव, तेच आडनाव, तसाच घसरलेला पाय. त्यानं मला फोन केला. काय झालं ते मला लगेच कळलं. विहिरीची यादीच आम्ही काढून टाकली होती. जिची यादी नाही तिच्याशी काय जुळणार? म्हणून प्रोग्रॅम 'सापडली नाही' म्हणाला. 'हा शब्द मी शोधतच नाही' असं त्यानं म्हणायला हवं होतं. ते त्याला मी शिकवलं नव्हतं. एका ओळीचं काम होतं.

तेरावा झाल्यावर तात्या आले. मी तेव्हाही तिथंच होतो.

"न्हाय म्हनला हुतास न्हवं रं?"

"व्हय तात्या," भानुदास म्हणाला. "माजी चूक झाली."

माझं तोंड उघडलं नाही. तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. पडद्याकडं एकदा बघून ते निघून गेले.

पुढं मी तो शब्द परत आत घेतला, मोठी डिस्क बसवली, ती सांगायची ओळही लिहिली. भानुदास म्हणाला, "तुमचं चालू द्या, सर. मला एकदा डोळ्यानं बघू द्या." रोज काम आटपल्यावर तो एकेक फाईल पान पान चाळायला लागला. विहिरीत गेलेल्या दर बाईमागं एक कार्ड: नाव, सासरचं गाव, आडनाव, अंक. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गाववार लावलेली. हळूहळू मुलींचे बाप त्याच्याकडं यायला लागले, गुपचूप, आडून विचारत. दोन-तीन ठरलेली लग्नं मोडली. त्यापायी त्यानं भर बाजारात एकदा मारही खाल्ला. मला तो एका शब्दानंही कधी काही बोलला नाही. हे मला सोसवायचं नाही. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

भानुदासचे दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं, शोभावहिनींनी, तो डबा माझ्या हातात ठेवला. "तुमच्याकडंच द्यायचा म्हनले हुते." घरी येऊन उघडला. कुसुमचं कार्ड होतं, आणि त्याच्यामागं घडी घातलेला तो कागद. सगळे शब्द भानुदासच्या तिरप्या अक्षरात. तळाचा एकच माझ्या. म्हणजे हा कागद सगळी वर्षं त्याच्याजवळ होता. तात्या समोर उभे होते तेव्हाही होता. नुसता पुढं केला असता तरी...

नरसिंहपूरला इंदापूरहून रोज एस्टी जाते. मी अजून गेलेलो नाही. हे पेपरच्या पुरवणीत छापून आलं की ती आणि तो कागद घेऊन जाणार आहे. तात्यांना वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.