निर्व्यसनी पाहुण्यांना पाजलेली निरा

आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही. बाबा तीस वर्षं माडावर चढून माडी काढतात, पण तो धंदा झाला.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. प्रमाणपत्र फ्रेम करून ओटीवर लावलंय, पाहुण्याला चपला काढतानाच दिसेल अशा उंचीवर. म्हणून धाकट्या बहिणीचं, वैशूचं, लग्न जमवायचं काम माझ्याकडे आलं. (कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं.) वैशू अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे. तिची अट एकच. "दादा, लग्नानंतर नोकरी सोडणार न्हाय. बाकी तू बघ."

मी बघितलं. तळा गावचं स्थळ. बायोडेटात अख्खं कुटुंब 'निर्व्यसनी', आणि खाली ठळक अक्षरांत 'सुनेच्या नोकरीस पूर्ण पाठिंबा'. रविवारी सकाळी नऊला पोचतो म्हणाले.

असल्या लोकांपुढे नुसता चहा काय ठेवायचा? मी ताजी निरा द्यायचं ठरवलं. माडाचा रस पहाटे उतरवला की ती निरा, गोड आणि निरुपद्रवी. तोच रस आंबला की माडी. आदल्या संध्याकाळी बाबांनी ओटीवर ठेवलेली मडकी बघितली, तर आत चुन्याचा पांढरा थर! शिकलेल्या पाहुण्यांना हे पाजायचं? मी साबण आणि काथ्या घेऊन बसलो आणि पाचही मडकी लख्ख केली. बाबांना बोललो नाही. चौथी शिकलेल्या माणसाला स्वच्छता काय समजावणार. त्यांनी ती तशीच अंधारात माडावर टांगली, पहाटे उतरवली, रस कळशीत ओतला आणि मासळी आणायला बंदरावर गेले.

नऊ वाजले. मी फाटकापर्यंत जाऊन आलो. साडेनऊला पुन्हा गेलो. दहाला फोन आला, "पालीला दर्शनाला थांबलोय, मोठी रांग हाय." मी गादीवरच्या चादरी बदलल्या. साडेदहाला परत पहिल्या घातल्या. फ्रेम पुसली, वाकडी झाली, सरळ केली, तेव्हा दुसऱ्या बाजूने वाकडी झाली.

"बस रे एका जागी," आई म्हणाली. "तुला बघायला येत न्हायत ते."

ओटीवर ऊन सरकत कळशीपर्यंत आलं, हे मात्र मला दिसलं नाही.

सव्वाबाराला गाडी लागली. मुलगा, त्याचे आईवडील, तिघंही दर्शनासाठी सकाळपासून उपाशी. मी पेले भरले आणि निरेच्या पोषणमूल्यांवर छोटं भाषण केलं.

"जरा आंबूस लागते का?" मुलाचे वडील म्हणाले.

"व्हिटॅमिन सी."

"आणि हा फेस?"

"ताजेपणा."

वैशूने पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "दादा, ही तर..."

"पाहुण्यांसमोर मध्ये बोलू नये," मी म्हणालो, आणि आदर म्हणून स्वतः दोन पेले प्यायलो.

मुलाच्या आईला निरा फार आवडली. तिसरा पेला झाला आणि वडील एकदम म्हणाले, "खरं सांगू? पालीला रांगबिंग नव्हती. ही उठलीच उशिरा."

"उठणारच. रातभर घोरता ते कोण ऐकतं?"

मुलानेही घसा साफ केला. "बायोडेटात सीनियर एक्झिक्युटिव्ह लिहिलंय ना, तसं काय न्हाय. आम्ही तिघं होतो. दोघं सोडून गेले, म्हणून मी सीनियर."

इथे वैशूने कळशी स्वतःकडे घेतली. मुलाच्या आईचा पेला काठोकाठ भरला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काकी, माझ्या नोकरीचं कसं?"

"कसली नोकरी गं बाय? तसं लिवायचं असतं. सहा म्हयने जाऊ दे, आपोआप सुटते. घरात भाकऱ्या कोण थापणार?"

वैशूने मुलाकडे बघितलं.

"आई म्हणंल तसं," मुलगा म्हणाला.

मी ताडकन उठलो. (ताडकन म्हणजे दुसऱ्या प्रयत्नात.) "ही शुद्ध फसवणूक आहे!"

"आणि तुमी?" मुलाचे वडील म्हणाले. "फोनवर रोज दिवाळीच्या आत उरका, दिवाळीच्या आत उरका. एवढी घाई कसली?"

खोटं बोलायचं होतं. शोधलं, पण वेळेला एकही सापडलं नाही. "हिची खोली मला पर्यटकांना द्यायचीय," मी म्हणालो. "दिवाळीचं बुकिंग घेतलंय. एसीसुद्धा आणलाय. माळ्यावर गोधडीखाली आहे, आईला माहीत नाही."

आई भज्यांचं ताट घेऊन दारातच उभी होती.

वैशूने कळशी खाली ठेवली. तिला आता कुणाला काही विचारायचं नव्हतं.

बाबा मासळी घेऊन आले तेव्हा मुलाचे वडील माझ्या प्रमाणपत्राखाली घोरत होते आणि मुलाची आई वैशूच्या गळ्यात पडून स्वतःच्या सासूबद्दल रडत होती. बाबांनी कळशीचा वास घेतला.

"ही माडी हाय. मडकी कुणी घासली?"

"मी. आत चुना होता."

"तो मीच लावलेला. चुना असला म्हंजे रस आंबत न्हाय." त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा फ्रेमकडे बघितलं. "कॉलेजात शिकवलं न्हाय हे?"

"शिकवलं होतं," मी म्हणालो. (तोही पेल्याचाच गुण. एरवी अभ्यासक्रमात नव्हतं म्हणालो असतो.)

दिवाळीत पर्यटक आले तर माझ्या खोलीत राहतील आणि मी ओटीवर झोपेन, असं वैशूने त्याच संध्याकाळी जाहीर केलं. मी हो म्हटलं. तळ्याहून काय निरोप येतो या धास्तीने पुढचे चार दिवस फोन खिशात वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. पाचव्या दिवशी खरंच वाजला.

"मुलगी पसंत हाय आमाला," मुलाचे वडील म्हणाले. "तुमच्याकडं झोप काय लागली हो! बोलणं काय झालं ते आठवत न्हाय, पण माणसं चांगली वाटली."

वैशू समोरच उभी होती. तिने मानेनेच नाही म्हटलं.

"काय सांगू," मी एका दमात म्हणालो, "आमचीही फार इच्छा होती. पण पत्रिका जुळत नाही. छत्तीसातले अकराच गुण जमतात. भटजी नको म्हणाले."

वैशूची पत्रिका आमच्याकडे कुणी कधी केलेलीच नाही.

फोन ठेवला. वैशू पुढे आली, माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन तिने वास घेतला आणि आईला हाक मारून म्हणाली, "काय न्हाय गं, शुद्धीवर हाय."