बापदेवाला आवतण

आज सकाळी आमच्या गावची जनीबाय गेली.

माझ्या आजीचं लग्न तिने भर मांडवात थांबवलेलं.

आणि त्यासाठीच आख्खं गाव अजून तिचं नाव घेतं.

भावाचा मेसेज आला तेव्हा मी बोटीचा दोर बांधत होतो. मी सध्या अंदमानात आहे, टुरिस्ट लोकांना बेटांवर नेतो-आणतो. इथली बेटं म्हणजे पार्क. शंख उचलायचा नाही, फांदी तोडायची नाही.

पहिल्या दिवशी साहेब नियम समजावत होता, तेव्हा मला हसू आलेलं. हे मला लहानपणापासून पाठ.

शाळेत नाही शिकलो. शाळेत मी फार गेलोच नाही.

जनीबाय आमच्या समोरच्या घरात राहायची. ती धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लोकांत लग्नाला जी गाते ती. मांडवात उभी राहून एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. एक जरी देव राहिला तर लग्न अर्धं, असं मानतात.

आणि गावासमोर खाडीत एक जू आहे. बेटाला आमच्याकडे जू बोलतात. सगळं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान, वर बगळ्यांची घरटी, मधोमध शेंदूर लावलेला दगड.

तो बापदेव.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झालेली तेव्हाची गोष्ट. माझ्या आजीचा बाप गावचा पाटील. त्याने ठरवलं, जू साफ करायची. तिवरं कल्याणच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायची आणि बांध घालून तिथे मिठागर काढायचं.

माणूस वाईट नव्हता. गावातल्या पोरांना काम पाहिजे होतं. दगड उचलून देवळात ठेवू बोलला, देवाच्या डोक्यावर पण छप्पर येईल.

जनीबाय तेव्हा तरुण, सासूकडून नुकतीच धवले शिकलेली. ती सरळ पाटलाच्या ओट्यावर गेली.

"पाटील, तिवरा तोरलीव तं चिंबोऱ्या कुटं ऱ्हातील? बगले कुटं जातील?"

पाटील बोलला, "तू गानी गा. गावाचं मी बगतो."

"बरं," बोलली, आणि घरी आली.

आम्हाला सांगताना इथे ती नेहमी हसायची. "मंग काय, गानीच गायली मी."

त्याच आठवड्यात पाटलाच्या मुलीचं लग्न. म्हणजे माझ्या आजीचं. गावातच दिलेली. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी माणसं कुऱ्हाडी घेऊन जूवर जाणार, होड्यासुद्धा सांगून ठेवलेल्या.

मांडव भरला. नवरा-नवरी उभे. जनीबाय गायला लागली. गावदेवाला बोलावलं, सूर्याला बोलावलं, खाडीला बोलावलं. मग जूवरच्या बापदेवाची पाळी आली.

ती थांबली.

लोकांना वाटलं घसा बसला. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घेतला आणि खाली ठेवला.

"पाटील, तेला बोलवू क नको?"

"हे काय इचारनं झालं? बोलव."

"आज लग्नाला बोलवायचं न उद्या तेचं घर तोरायचं. असलं खोटं आवतन मी नाय देत."

"मंग सोर तेला. फुरचा देव घे."

"सोरते. पन लगीन अर्धं होईल. तुमचेच पोरीचं. बगा."

नवऱ्याचा बाप हळूच बोलला, "व्याही, आमाला अर्धी सून नको."

तरी पाटील हटेना. शेवटी नवरीनेच मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"बाबा, हो बोला न. माझं पाय दुखतान."

(आजी शेवटपर्यंत सांगायची, जू मी वाचवली. जनीबाय नुसती गात होती.)

पाटलाने मान हलवली. "बोलव. जू ऱ्हाईल."

"मना नका सांगू. तेला सांगा."

मग गावचा पाटील भर मांडवात खाडीकडे तोंड करून उभा राहिला. हात जोडले.

"ये रं बाबा. तुझं घर तुलाच."

तेव्हा कुठे धवला पुढे सुरू झाला.

मिठागर मग गावामागच्या खारजमिनीत काढलं. लांब पडायचं. पाटील मरेपर्यंत त्यावरून कुरकुरला, पण जूला हात लावला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नवीन जोडपं होडीतून जूवर जातं. लग्नाला आलास, बरं वाटलं, एवढं सांगून परत. येताना सुकी काटकी पण आणायची नाही.

आता गावाच्या बाजूला, माजिवड्याकडे टॉवरच टॉवर झालेत. जूवर अजून बगळे आहेत. रविवारी लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात.

जनीबाय मला नेहमी बोलायची, तुझे पायाला चाकं हायेत. मी किती नोकऱ्या सोडल्या ते मला पण आठवत नाही, तिला सगळ्या आठवायच्या. खोपटचं गॅरेज, भिवंडीचं गोडाऊन, सगळं.

इथे आल्यावर व्हिडिओ कॉल केलेला.

"बाय, इथे बेटं राखतात."

"मंग टिकशील तू."

टिकलो.

मोबाईल फिरवून तिला बेट दाखवलं. झाडं, पाणी, सगळं नीट बघितलं तिने. मग विचारलं, "देव कुटं हाय?"

"दिसला नाय अजून."

"आसंल. बोलवलं नसंल कोनी."

आज टुरिस्ट उतरून गेल्यावर मी बोटीतच थांबलो. मला गाता येत नाही. बेटाकडे तोंड करून नुसतं बोललो.

आमची बाय गेली बाबा. तू पण ये तिला निरोप द्यायला.

जनीबाय, तुला आम्हा सगळ्या पोरांचा शेवटचा रामराम.

जू जागेवर आहे.