तपकिरी कोट

"आधी त्वांड झाका," असं म्हणून ते तळहात आडवा धरायचे. चित्रापासून वीतभर अलीकडे, बरोबर चेहरा झाकला जाईल असा. मग डावा डोळा मिटून उरलेल्या चित्राकडे बघत राहायचे. चित्र कुणाचंही असो, त्यांचं स्वतःचं, कॅलेंडरवरचं, नाहीतर एस.टी. स्टँडवरच्या साबणाच्या जाहिरातीतलं. जाहिरातीतल्या बाईचं तोंड झाकून उभा राहिलेला म्हातारा बघून स्टँडवरची माणसं हसायची. त्यांना त्याचं काही नव्हतं.

कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर 'आर्टिस्ट' लिहिलेलं, पण सगळा तालुका त्यांना पेंटर म्हणायचा. धंदा एकच. मेलेल्या माणसांची चित्रं करायची. घरातलं कर्तं माणूस गेलं की लोक रेशन कार्डावरचा, नाहीतर कुठल्या वरातीतला अंगठ्याएवढा फोटो घेऊन यायचे आणि हे त्यावरून कॅनव्हासवर मोठं तैलचित्र करून द्यायचे. कराडच्या आसपासच्या एखाद्या गावात तुम्ही कुणाच्या पुढच्या सोप्यात बसला असाल आणि भिंतीवर हार घातलेला एखादा आजोबा तुमच्याकडे रोखून बघत असेल, तर यांचं काम तुम्ही बघितलेलं आहे. तुम्हाला ते माहीत नाही, एवढंच.

मी तेव्हा, म्हणजे नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत, कराडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. टेबलावरची पाटी मी पदरचे पैसे घालून करून घेतली होती आणि नावापुढं 'बी.ए.' नावाएवढ्याच आकारात लिहायला सांगितलं होतं. ती पाटी यांनीच रंगवली. तेव्हापासून मी त्यांची 'बी.ए.बाई' झाले.

रंगकामाची पुस्तकं बघायला ते वाचनालयात यायचे. इंग्रजी येत नव्हतं, नुसती चित्रं बघायचे, आणि चिडायचे. "बगा बी.ए.बाई, ह्या गड्यानं नुसती दोन सफरचंदं काढली आन् सुटला. माझ्याकडं सफरचंदं घिऊन कोण येतंय?"

चिडण्याचं खरं कारण निराळं होतं. गिऱ्हाईक चित्र न्यायला आलं की एकच शब्द बोलायचं. 'हुबेहूब.' त्या शब्दानं ह्यांच्या कपाळाची शीर उडायची. "हुबेहूब आरसाबी दावतो. त्येला कुणी आर्टिस्ट म्हनत न्हाई."

एकदा मी विचारलं, मग तुम्हाला काय म्हणायला पाहिजे लोकांनी? तेव्हा त्यांनी दुकानातल्या खिळ्याकडे बोट केलं. तिथं एक तपकिरी कोट लोंबत होता. जुन्या कपड्यांच्या बाजारातून तरुणपणी घेतलेला.

गंमत अशी होती. गेलेला माणूस जन्मभर सदऱ्यात वावरलेला असला, तरी चित्रात त्याच्या अंगावर कोट पाहिजे, असा घरच्यांचा हट्ट असायचा. मग हे खुर्चीच्या पाठीवर तो कोट चढवायचे आणि समोर बसून रंगवायचे. प्रत्येक वेळी नव्यानं. "त्वांड गिऱ्हाइकाचं. तितं माजं काय चालत न्हाई. कोट माझा," ते म्हणाले. "सगळी कला मी कोटात केलीया, बाई. पन कोटाकडं बगतंय कोन?"

म्हणून ते तोंड झाकणं.

मी त्यांना ओळखू लागले तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते. उजवा हात थरथरायचा. मनगट डाव्या हातात धरून रंग लावायचे. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात कराडात कलर फोटो मोठे करून देणारे स्टुडिओ निघालेले. चार दिवसांत फोटो, फ्रेमसकट. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं आणि आलेलं परत जायचं. एका म्हाताऱ्याचं चित्र त्याच्या मुलांनी दुकानातच ठेवलं. म्हणाले, "आप्पा हालल्यावानी दिसत्यात. आमचे आप्पा असे न्हवते."

ते नाकारलेलं चित्र त्यांनी मला दाखवलं. चेहरा खरंच हलल्यासारखा होता. मला वाईट वाटलं, म्हणून मी म्हटलं, पुन्हा करा की नीट. तर माझ्यावरच उखडले.

"नीट? बाई, ह्योच कोट पयल्यांदा नीट झालाय. हात सरळ चालत हुता तवा मी कापडाला इस्त्री करत बसलो. आता कुटं कापड कळाय लागलं, तर हात माझं आयकंना. कुनाला सांगू हे?"

त्यानंतर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. प्रदर्शन. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत सगळे कोट एका ओळीत लावायचे. एकदा, डोळे आहेत तोवर, कुणीतरी तोंडं झाकून ती ओळ बघावी.

आधी ते सांगलीला गेले. तिथल्या एका चित्रांच्या हॉलच्या समितीला दाखवायला तीन चित्रं चादरीत गुंडाळून नेली. समितीतले गृहस्थ म्हणाले, "फोटोवरून केलेलं काम आहे. हा व्यवसाय झाला. यात कला कुठाय?" ह्यांनी तोंड झाकायला सांगितलं, तर ते गृहस्थ स्वतःचं तोंड झाकून हसले. परतीच्या एस.टी.त चादर जरा सरकली. आतला हार घातलेला चेहरा बघून कंडक्टरनं हात जोडले, एका कॉलेजच्या पोराला उठवलं आणि यांना जागा करून दिली. "कवा झालं वो?" म्हणून विचारलं. हे सांगताना ते हसत नव्हते. मी हसले, म्हणून दोन दिवस बोलले नाहीत.

शेवटी मी आमच्या अध्यक्षांच्या मागे लागून वाचनालयाचा वरचा हॉल तीन दिवसांसाठी मिळवला.

खरी अडचण पुढेच होती. चित्रं सगळी लोकांच्या घरी. ती परत मागायला ते गावोगाव फिरले. "आमच्या नानांना घराबाहेर काढू व्हय?" असं तोंडावर ऐकलं. कुणी अमावास्येच्या आत आणून द्यायच्या बोलीवर दिलं. कुणी म्हणालं, हार काढायचा नाही, गंध पुसायचं नाही. सगळ्या चित्रांच्या कपाळावर गंधाचे टिळे, उदबत्तीच्या धुराची काजळी. ते कापूस भिजवून पुसायला गेले की घरातली बाई आडवी यायची.

कोरेगावकडची एक म्हातारी तर चित्राबरोबर स्वतः आली. तिचा मुलगा मिल्ट्रीत होता, तिकडेच गेला. लग्न व्हायचं होतं. चित्र करायला दिलं तेव्हा तिनं सांगितलं होतं, "मिल्ट्रीचा डरेस नगं. कोट घाला. लगनात घातला आसता." आता ती म्हणाली, "त्येला येकट्याला कवा कुटं ठिवला न्हाई ह्या दहा वर्सांत. म्याबी हितंच ऱ्हाते." रात्री माझ्या खोलीवर झोपायची, दिवसभर लेकाच्या चित्राखाली भाकरीचं गठुडं घेऊन बसायची.

उद्घाटनाच्या सकाळी आमच्या शिपायानं नेहमीप्रमाणे सतरंज्या घातल्या. अध्यक्ष आले. ह्या माणसाचा जन्म शोकसभांत गेलेला. चारी भिंतींवर हार घातलेली माणसं बघून त्यांनी आपसूक चपला काढल्या, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून या दिवंगतांना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. पेंटरही राहिले. स्वतःच्या पहिल्या प्रदर्शनात, मान खाली घालून. दोन मिनिटं मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मनगट डाव्या हातात धरलेलं, रंग लावताना धरायचे तसं.

मग लोक आले. पुष्कळ आले, पण सोयरे बघायला. पुरुष टोपी काढून सतरंजीवर बसायचे, बायका डोळ्याला पदर लावायच्या. कुणीतरी उदबत्ती लावली. "आवं, परदर्शन हाय हे! दहावा न्हाई!" ते ओरडले. लोकांनी मान हलवली आणि दुसरी उदबत्ती लावली. ते एकेकाजवळ जाऊन तळहात धरून दाखवायचे, "आधी त्वांड झाका, मग बगा." एक बाई घाबरून म्हणाली, "नगं बाबा, झाकू कशाला? दादांचं त्वांड बगायलाच तर आलो आमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कोणाचं तरी कोटाकडे लक्ष गेलं. मसूर गावचा एक तरणा मुलगा भिंतीवरून नजर फिरवता फिरवता थांबला. "पेंटर, आमच्या नानांचा कोट ह्येंच्या अंगात कसा वो?"

शेजारचा म्हातारा त्या 'ह्यें'चा भाऊ निघाला. "तुमच्या नानानंच उसना न्हेला आसंल. परत दिला न्हाई!"

"आवं, तिकडंबी त्योच हाय. समद्यांला येकच कोट!"

हॉलभर हशा पिकला. दोन दिवसांत पहिल्यांदाच लोक हसत होते. कोट मोजत, एकमेकांना बोलावून दाखवत होते. मला वाटलं, चला, बघितला तरी. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते नव्हते. बाहेर गॅलरीत बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते. काडी आणि बिडी एका जागी येत नव्हत्या. मी पेटवून दिली.

"येकच दिसला त्येंला," ते म्हणाले. "येकच."

मी बी.ए., आणि तोवर मीही एकच बघितला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक आपापली माणसं काखेत मारून घेऊन गेले. भिंतीवर दोनच चित्रं उरली. म्हातारीचा मुलगा आणि खिडकीजवळचे ते नाकारलेले, हललेले आप्पा. त्या एकाच चित्रावर हार नव्हता, गंध नव्हतं. तीन दिवसांत त्याच्यासमोर कुणी थांबलं नव्हतं, कारण त्याचं कुणी आलंच नव्हतं. सगळ्यात चांगला कोट तोच, असं ते मला रोज सांगत.

म्हातारी उठली आणि त्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ. ते माझ्या शेजारी होते. ती कोटच बघतेय असं वाटून ते एक पाऊल पुढे सरकले.

"पेंटर, ह्येंचं कुनीच आलं न्हाई व्हय, तीन दिस?"

"न्हाई."

"आगं बया." तिनं लेकाच्या चित्रावरच्या दोन हारांपैकी एक काढला, टाचा उंचावल्या आणि आप्पांना घातला. झेंडूचा चांगला जाड हार. अख्खा कोट त्याखाली गेला.

आता हे ओरडणार, म्हणून मी पुढे झाले. ते ओरडले नाहीत. डावा डोळा मिटून बघत राहिले. तळहात अर्धा वर आला आणि तसाच खाली गेला. मग त्यांनी म्हातारीचं गठुडं उचललं. "चला मावशी. तुमाला एस.टी.त बशिवतो."

त्यानंतर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. वाचनालयातही क्वचित यायचे. आले तरी पुस्तक उघडायचे नाहीत.

दोन-तीन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी मलकापूरला घरी भेटायला गेले. दुकानात मुलानं झेरॉक्सचं मशीन घातलं होतं. भिंतीवर त्यांचा कलर फोटो, स्टुडिओतला, हुबेहूब. शेजारी आप्पांचं चित्र. हार तोच, फुलं चुरून नुसता दोरा राहिलेला, आणि कपाळावर गंधाचा ताजा टिळा.

"आमचं आजेसासरं असत्याल," सून म्हणाली. "मामंजींनीच आनून टांगलं. हार कवा काढू दिला न्हाई. म्या गंध लावाय लागले, तर नुसतं बगत ऱ्हायले. बसा, च्या टाकते."

ती आत गेली. मी उठले आणि आप्पांच्या चेहऱ्यावर तळहात धरला.

इतक्या वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं. कोट कोपरापाशी विरलेला होता, आतल्या हाडाचा भार घेऊन घेऊन. तपकिरी म्हणावा तर त्यात जांभळं होतं, हिरवट होतं. बाहीच्या कडेनं उन्हाची एक रेघ थरथरत गेलेली, आणि त्या थरथरण्यामुळे असं वाटत होतं, की कोट घातलेला माणूस आत्ता श्वास घेईल. मी तोंड न बघता बघत राहिले.

आत कपबश्या वाजल्या. मी हात काढला. वीतभर अंतर ठेवायचं असतं, ते विसरले होते. गंध अजून ओलं होतं. तळहाताच्या मधोमध त्याचा टिळा उमटला होता.